डोमाजीचं वय

डोमाजीला एका जागी बसता येत नाही. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. त्याच्यासोबत जन्म काढलेल्या पंचफुलेला विचारावं. जेवताना तो ताटावरून उठतो, बकरी सुटली का ते पाहायला. परत येतो, दोन घास खातो, आणि ती खरंच सुटलेली नाही ना याची खात्री करायला पुन्हा उठतो. लग्नाच्या मांडवात बसला की त्याचा गुडघा हलतो, गुडघ्यामुळे सतरंजी हलते आणि आजूबाजूची माणसं वळून पाहू लागतात. गावाहून तो रोज सायकलने राळेगावला येतो; तिथे बस स्टँडच्या रस्त्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टपरी, हवेचा पंप, पंक्चर पाहायला पाण्याचं घमेलं आणि कडुनिंबाला लटकवलेले टायर. सायकली कमी झाल्या, पोरं फटफट्यांवर हिंडू लागली, तशी गिऱ्हाइकं रोडावली. मग हा आपलीच सायकल उलटी करतो आणि चाकाचा आऊट काढतो, म्हणजे तारा पिळून वाकडं चाक सरळ करतो. चाकात आऊट नसतोच. असलाच तर यानेच काढून काढून आणलेला.

हा माणूस गप पडून राहायचा तो एकाच खाटेवर, रक्तदानाच्या.

त्याची सुरुवात साधीच झाली. फार वर्षांपूर्वी राळेगावात शिबिर होतं. हा नुसता डोकावायला गेला, कारण दुकानात बसवेना. तिथल्या डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं आणि म्हणाले, "रक्त एकदम फर्स्टक्लास आहे हो तुमचं." डोमाजीच्या कुठल्याही गोष्टीला तोवर कोणी फर्स्टक्लास म्हटलेलं नव्हतं. पिशवी भरल्यावर त्याने विचारलं, "हे आता कोणाले देसान?"

"ज्याला लागेल त्याला. गट जुळला की झालं."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं काय?"

डोमाजीने सांगितलं नाही. घरी येऊन मात्र पंचफुलेला म्हणाला, "ज्या गावात माह्या बापाच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या गावात आता माह्यं रक्त चालते. पाह्य तू." त्या दिवसापासून त्याने शिबिर चुकवलं नाही. याला समाजसेवा म्हणायचं तर खुशाल म्हणावं. डोमाजीचं गणित निराळं होतं. स्टँडवर एखादा धट्टाकट्टा गडी मिशीला पीळ देत उभा दिसला, की त्याच्या मनात यायचं, कोण जाणे, याच्या अंगात आपली एखादी पिशवी फिरत असेल. आणि मग त्या गड्याने कितीही तोऱ्यात हवा भरायला सांगितलं तरी डोमाजीला राग यायचा नाही.

यंदा एक जानेवारीला रोशनने मोठा घाट घातला होता. रोशन म्हणजे मेडिकलच्या दुकानात काम करणारा उत्साही तरुण. नव्या वर्षाची सुरुवात डीजेने करायची नाही, तब्येतीने करायची, असं त्याने आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं. राळेगावात पंचायतीच्या सभागृहात रक्तदान, बीपी-शुगरची तपासणी, डोळ्यांची तपासणी, दुपारी म्हाताऱ्यांसाठी संगीत खुर्ची आणि संध्याकाळी गाणी. डोमाजी पहाटेपासूनच अंगणात येरझारा घालत होता. त्याची मोठी बहीण मथुराबाई मारेगावहून दरवर्षीप्रमाणे पाहुणी आली होती. ती गोधडीतून म्हणाली, "डोम्या, बस न बे एका जागी. तुह्या चकरा पाहूनच मले घेरी येते."

"बाई, आज कार्यक्रम हाये."

"मंग कार्यक्रम अठी अंगणात हाये का?"

रक्त दिल्यावर त्या दिवशी सायकल हाणायची नाही असं डॉक्टर बजावतात, म्हणून शिबिराला तो बसने जाई. आजच्या बसचं त्याला आणखीच अप्रूप होतं. कंडक्टर धरमसिंग ओळखीचा, पल्लेदार मिशांचा, रोज त्याच रस्त्यावरचा. तो जवळ येताच डोमाजीने आधार कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं.

"अर्धं दे."

"काहून? अर्धाच येऊन राह्यला का?"

"वाच न. पासष्ट भरले आज. जन्मतारीख एक जानेवारी."

"अर्ध्या गावाची एक जानेवारीच हाये," धरमसिंग म्हणाला. "तुमच्या गावातल्या बाया काय एकाच दिवशी बाळंत होत होत्या?" बस हसली. पण त्याने अर्धं तिकीट फाडून दिलं, आणि डोमाजीने ते वरच्या खिशात, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

आता या पासष्टाची गंमत सांगायला हवी. आधार कार्ड काढायला मशीन गावात आली तेव्हा मशीनवरच्या पोराने विचारलं, "काका, जन्म?" डोमाजीकडे कागद नव्हता. चौथीत शाळा सुटली, ती शाळाही पुढे पडली. त्याने मनाशी विचार केला. आपल्याबरोबर वर्गात असलेल्यांची वयं त्याला माहीत होती. त्यावरून आपलं वय निघत होतं, पण त्यात तीन वर्षं वाढवली तर अर्धं तिकीट तेवढं लवकर. त्याने वाढवली. पोराने तारीख विचारली, ती याला सांगता येईना, तेव्हा मशीनने आपणहून एक जानेवारी टाकली. सरकारला तीन वर्षं फसवलं याचा डोमाजीला आजवर छुपा आनंद होता.

तो आनंद सभागृहाच्या दारात संपला.

रक्तपेढीच्या डॉक्टर आभा यवतमाळहून आल्या होत्या. वयाने लहान, कामाला चोख. त्यांनी कार्ड पाहिलं, डोमाजीकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला पासष्ट पूर्ण झाली. आता रक्त घेता येणार नाही."

"नाई घेता येनार म्हंजे?"

"नियम आहे. इतकी वर्षं दिलंत, खूप झालं. तिकडे बीपी तपासून घ्या, चहा घ्या."

डोमाजीने बाही दंडापर्यंत चढवलेली होती. तो तसाच उभा राहिला. मागची रांग सरकेना. मग तो वाकून हळूच म्हणाला, "म्याडम, ते वय खरं नाई."

"म्हणजे?"

"वाढवून लिवलं हाये. मी बासष्टचा हावो."

"कशाला वाढवलं?"

डोमाजीने तिकिटाच्या खिशावर हात ठेवला. रोशन टेबलाजवळच उभा होता. त्याच्या लक्षात आलं आणि तो फसकन हसला. "मामा, अर्ध्या तिकिटासाठी न?"

"तू चूप बस बे."

"अहो, पण मी कार्ड पाहायचं की तुमचं तोंड?" डॉक्टर आभांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या मागे आणखी माणसं थांबली होती, आणि त्यांचा वैताग दिसत होता. "कागद आहे का दुसरा काही? शाळेचा दाखला?"

"शाळाच पडली."

"मग काय करणार? घरात तुमच्यापेक्षा मोठं तरी आहे का कोणी, सांगणारं?"

हे त्या आपलं बोलायचं म्हणून बोलल्या. पुरावा म्हणून बहीण आणा असा काही रक्तपेढीचा नियम नाही. पण डोमाजीने शब्द धरला. तो बाहेर धावला आणि पंचफुलेला फोन लावला. "बाईले घेऊन राळेगावले ये. आत्ता. येती बस पकड."

"काय झालं? चक्कर आली का?"

"मले काही झालं नाई. बाईले माह्यं वय सांगाचं हाये."

"कोणाले?"

"सरकारले!" डोमाजी ओरडला आणि फोन ठेवला.

पुढचा वेळ त्याने कसा काढला ते सभागृहातल्या लोकांनी पाहिलं. तो बीपीच्या टेबलाशी गेला. तिथल्या नर्सने पट्टा गुंडाळला आणि सांगितलं, "हलू नका." तो हलला. तिने पुन्हा गुंडाळला. तो पुन्हा हलला. बीपी वरच्या अंगाला आलं. "काका, तुम्ही पाच मिनिटं शांत बसा, मग पुन्हा घेते," ती म्हणाली, तर हा रांगेतल्या पोरांना सल्ले द्यायला निघून गेला. सकाळी काही खाल्लं का, पाणी प्यायलास का, सुईकडे पाहायचं नाही, मूठ उघड-मिट करायची. एका पोराने विचारलं, "तुमचं झालं का देऊन?" डोमाजीने ऐकलंच नाही असं दाखवलं. दात्यांसाठी केळी आणि बिस्किटं मांडली होती. रोशनने एक पुडा पुढे केला. डोमाजीने तो ढकलला. "दिल्याशिवाय खात नसते," तो म्हणाला, आणि पुन्हा दारात जाऊन रस्त्याकडे पाहू लागला.

त्याला खरोखर धास्ती वाटत होती. चहा-बिस्किटं हुकतील याची नव्हे. आज नाही म्हटलं की पुढच्या खेपेला कोणी विचारणारही नाही. मग स्टँडवरच्या त्या मिशीवाल्याकडे पाहून मनात काय म्हणायचं? उरला तो एक पंक्चरवाला म्हातारा.

बस आली. मथुराबाई उतरली. पंच्याहत्तर ओलांडलेली, पण पाठ ताठ, नाकात चमकी, हातात पिशवी. मागे पंचफुला. आणि त्या दोघींच्या मागे धरमसिंग, कारण त्याची पाळी डेपोत संपली होती आणि रोशनने त्याच्याकडून रक्त द्यायचं कबूल करून घेतलं होतं. डोमाजीला तो नको होता. पण आता इलाज नव्हता.

"बाई," डोमाजी तिला टेबलापर्यंत जवळजवळ ओढत घेऊन गेला, "या म्याडमले सांग, माह्यं वय किती हाये ते. खरं सांग."

"खरंच सांगीन. खोटं कायले सांगू?"

"हे म्हणतात, यांचं वय बासष्ट आहे," डॉक्टर आभा म्हणाल्या.

मथुराबाईने भावाकडे आधी वरून खाली आणि मग खालून वर पाहिलं. "बासष्ट? कोणाले? याले?"

धरमसिंगने कान टवकारले. "सकाळी तर पासष्ट होते, बाई. माह्यापाशी अर्धं तिकीट काढलं."

"अबे, तू मधात बोलू नको," डोमाजी म्हणाला. कपाळावर घाम आला होता, जानेवारीच्या थंडीत. "बाई, भाऊराव अन् मी एका वर्गात होतो का नाई? भाऊरावले बासष्ट झाले. त्याच्या दाखल्यावर लिवलं हाये."

"भाऊराव वेळेवर शाळेत गेला. तू त्याच्या आधी किती साल बकऱ्या चारल्या ते कोण सांगन? गुरुजीनं तुले धरून नेलं तवा तू वर्गात सगळ्यात मोठा दिसे. बाकीचे पोट्टे तुह्या कमरेले लागे." मथुराबाई आता खुर्ची ओढून बसली. तिला ऐकणारी माणसं मिळाली होती. "म्याडम, लिवून घ्या. आमचा बाप नागपूरले दीक्षेले गेलता."

नर्सने हातातला पट्टा खाली ठेवला.

"मी संग गेलती. सहा वर्षांची होती. बापाचं बोट धरून. पांढरं लुगडं नव्हतं कोणाकडे, तर मायनं धोतराचा तुकडा फाडून मले गुंडाळून देला. एवढी गर्दी की बाप म्हणे, बोट सोडलं तर तू मले दिसाची नाई. माय आली नाई. माय घरी होती. ओलीबाळंतीण. अन् तिच्या कुशीत हा होता."

"लहान तं तू होती," डोमाजी म्हणाला. "माय म्हणे, घरी लेकरू होतं म्हून जाता आलं नाई. ते लेकरू म्हंजे तू."

"मी नागपूरले होती, घरी कशी असन? ते लेकरू तू होता, डोम्या."

छप्पन सालचा धम्मदीक्षेचा तो दिवस तिथल्या अर्ध्या लोकांना आपल्या पोराच्या वाढदिवसापेक्षा पक्का ठाऊक होता. कागद मागायची गरज उरली नाही. रोशनने बोटांवर हिशोब केला, मध्येच थांबला, पुन्हा केला. "मामा... एकोणसत्तर होते."

"एकोणसत्तर!" धरमसिंगने कपाळावर हात मारला. "म्हंजे चार वर्षं तुम्ही फुल तिकीट काढून हिंडले? महामंडळानं तुमचा सत्कार करावा."

हशा पिकला. पंचफुलाही हसली, तोंडाला पदर लावून. डोमाजी हसला नाही. तो डॉक्टर आभांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"म्याडम. पासष्टच्या वर द्याचं नसते न?"

"नाही."

"मंग मी चार वर्षं देलं ते... ते ज्याले देलं त्याले काही झालं असन का?"

डॉक्टर आभांचा वैताग तिथे कुठेतरी विरला. "नाही हो. प्रत्येक पिशवी तपासूनच पुढे जाते. तुमचं रक्त चांगलंच होतं. वयाचा नियम घेणाऱ्यासाठी नाही, देणाऱ्यासाठी आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"मले तर काही झालं नाई."

"नशीब."

"मंग घ्या न. चांगलं हाये म्हणता, मले काही होत नाई म्हणता. मंग घ्या!" त्याने उघडा दंड टेबलावर ठेवला. दंड बारीक होता, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. "एक डाव. शेवटची."

"नाही."

"अर्धी पिशवी."

"आजोबा, नाही म्हणजे नाही. आणि तुमचं बीपी वाढलेलं लिहून आलंय. आधी सोमवारी दवाखान्यात जाऊन गोळ्या सुरू करा."

पंचफुलेने त्याचा हात टेबलावरून उचलला आणि बाही खाली ओढली, शाळेच्या पोराची ओढावी तशी. "चला. झालं न आता. दुनियाले वय सांगून झालं."

रोशनला वाईट वाटलं असावं. तो दारापर्यंत मागे आला. "मामा, नेत्रदानाला वयाची अट नाही. डोळे कोणत्याही वयात देता येतात. त्या तिकडे नोंदणी सुरू आहे."

डोमाजी गर्रकन वळला. "कवा घेते?"

"म्हणजे... मेल्यावर. तासाभरात फोन करावा लागतो."

"मेल्यावर!" डोमाजीचा आवाज चढला. "अन् तवरीक काय करू? बसून राहू?"

डोमाजीने नाव मात्र नोंदवलं, रागारागाने, नेत्रदानाच्या टेबलावरच्या मुलीला काही सुचायच्या आत. तिने वय विचारलं. तो थोडा अडखळला. मग म्हणाला, "एकोणसत्तर," आणि तो आकडा तिने बरोबर लिहिला का ते वाकून पाहिलं.

तिघं स्टँडकडे निघाली. पंचफुला रस्त्यात भाजी घ्यायला थांबली. डोमाजी भराभर पुढे जाई, मागे वळून पाही, परत येई, पुन्हा पुढे जाई. मथुराबाई आपल्या चालीने चालत होती.

"एवढी कायची घाई हाये रे तुले?" ती म्हणाली. "पोटातूनबी तसाच आला. आठव्या महिन्यात. मायचा विचार होता, दीक्षेले जाऊन येऊ, मंग बाळंत होऊ. गावातल्या बायाइनं तिचं गाठोडं बांधून देलतं. अन् तू निघाला मधातच. ती दाराच्या चौकटीले धरून उभी राह्यली, आम्ही दिसेनासे होईपर्यंत. बाप मागं पाहे अन् रडे."

डोमाजी थांबला. रस्त्याच्या मधोमध. मागून येणाऱ्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा बाजूला झाला.

"मायनं मले हे कधी सांगतलं नाई."

"सांगतलं नाई कसं? जनमभर सांगे. तू बसत होता कुठी ऐकाले? ती तोंड उघडे अन् तू दाराबाहेर."

स्टँडवर त्यांची बस लागलेली दिसत होती. माणसं चढत होती, टपावर कोणी पोती फेकत होतं. पंचफुला भाजीच्या पिशव्या सांभाळत मागून आली आणि ओरडली, "चला न, सुटते!"

रस्त्याकडेला नाली झाकणारा सिमेंटचा सपाट धापा होता. डोमाजीने खांद्यावरच्या रुमालाने तो झटकला. बहिणीचा हात धरून तिला बसवलं, आणि शेजारी आपणही बसला.

"अजून काय सांगे माय?"

"अबे, बस सुटून राह्यली."

"सुटू दे. तू सांग."

मथुराबाईने पदर सारखा केला आणि सांगायला लागली. बस धूर सोडत वळणावरून गेली. डोमाजी उठला नाही. गुडघा तेवढा हलत होता.